एका मापाच्या बांगड्या

फार जुनी गोष्ट आहे. एका बाजाराच्या गावात एक कासार होता. त्याच्या दुकानी साऱ्या मुलखांच्या, साऱ्या बोलींच्या बाया बांगड्या भरायला यायच्या. लमाणी बाईला कोपराच्याही वर पांढऱ्या बांगड्या लागत, कानडी नवरीला हिरव्यागार, बोहऱ्यांच्या सुनेला सोनेरी नक्षीच्या. कासार नुसता पंजा दाबून माप ओळखायचा. कुणा बाईचा हात त्याने कधी दुखवला नाही.

घरी त्याला दोन जुळ्या लेकी, येसू आणि ठकू. आई बाळंतपणातच गेली. तेव्हा बाया कुजबुजल्या होत्या, की आता बिनआईच्या पोरींत एक लाडकी होणार, एक नावडती. ते कासाराच्या फार जिव्हारी लागलं. त्याने ठरवलं, दोघींत तसूभर फरक करायचा नाही. परकर एकाच ताग्यातले, भाकरी एवढीला एवढी, बांगड्या एका मापाच्या.

पण ठकू होती काडीसारखी, आणि येसू हाडापेराने रुंद. येसूच्या हातात गुण असा, की रडव्या नवरीलासुद्धा ती बोलता बोलता चुडा भरायची. स्वतःच्या वेळी मात्र ओठ चावून बसायची. नको म्हटलं तर आपणच नावडत्या ठरू, हे भय तिच्या मनात होतं.

संक्रांत आली. कासाराने आधी ठकूला नवा चुडा भरला, मग येसूचा हात साबणाने माखला.

ठकू म्हणाली, "बाबा, येसूला मोठ्या मापाच्या काढा ना."

"आज बांगडी वेगळी केली, तर उद्या माया वेगळी म्हणतील लोक," कासार म्हणाला. "हात ढिला सोड गं येसू. ठकूला बसल्या, तुलाही बसतील."

येसूने हात ढिला सोडला. बांगडी तडकली आणि काच अंगठ्याच्या मुळाशी खोल रुतली. पोरीने काच स्वतःच उपसून काढली. फडकं गुंडाळलं अन् कामाला लागली.

जखम चिघळली. ताप चढला. वैद्याने जीव वाचवला, पण हात वाळत गेला, बोटं मिटेनात.

एक लमाणी म्हातारी दुकानी आली, ती येसूकडूनच भरून घ्यायची. तिने तो हात आपल्या मांडीवर घेतला.

"कासारा," ती म्हणाली, "आम्हा परमुलखातल्यांची मापं तुला कळली. लेकीचं नाही कळलं रे?"

कासार उठला. सगळ्यात मोठ्या मापाच्या बांगड्या घेऊन आला. ना साबण लागला, ना दाबावं लागलं. बांगडी हातात गेली, आणि तशीच निसटून खाली पडली.

येसू म्हणाली, "आता ठकूच्याच मापाची घाला, बाबा. आता बसेल."

त्यानंतर कासाराने कुणाच्याच हातात बांगडी भरली नाही.

तात्पर्य काय, तर लेकरांवर माया सारखी करा, पण प्रत्येकाचा हात वेगळा धरून पाहा.