धूसरपणाचं माप

"धूसरपणा मोजून आण! उद्या सूर्य मावळायच्या आत! नाहीतर तुझा नवरा कोठडीतच सडेल!" तारणगडचा राजा भैरवराव गरजला.

समोर सगुणा कोष्टीण उभी होती. तिचा नवरा हैबती बुरुजावरचा पहारेकरी. त्याचा गुन्हा फार भयंकर होता: तो खरं बोलला होता!

झालं असं, की दिवाण त्र्यंबकपंतांनी परदेशी सौदागराकडून सोन्याने मढवलेली दुर्बीण आणली. दरबारातल्या एकूण एक मानकऱ्याला तिच्यातून पल्याडच्या डोंगरावरच्या मुंगीच्या मिशा दिसल्या. हैबती मात्र म्हणाला, "सरकार, तिन्हीसांजेला हिच्यातून म्हैस अन् धोंडा एकच दिसतो. आपली जुनी पितळेचीच बरी."

"कमी दिसतं म्हणजे किती कमी?" राजाने सगुणेला दरडावलं. "शेरात सांग, गजात सांग!"

"सांगेल की, महाराज!" दिवाणजी खुदकन हसले. "कोष्टीणच ती, धुकं गजाने मोजेल!"

सगुणेच्या डोळ्यांत पाणी तरारलं. पण दिवाणजींसमोर रडायचं? छे! घरी येऊन तिने काळ्या-पांढऱ्या पट्ट्यांच्या कापडाचे तुकडे काढले. पहिल्याचे पट्टे बोटभर रुंद, पुढच्याचे त्याहून बारीक, सहाव्याचे तर सुताएवढे. कुठे पट्टे उभे, कुठे आडवे ठेवून तिने ते ओळीने एका चादरीवर शिवले. शेवटी सातवा तुकडाही जोडला.

दुसऱ्या दिवशी गडावरच्या लांबलचक कोठाराची दारं लावून तिने टोकाला चादर टांगली आणि एकच पणती ठेवली.

"ही झाली तिन्हीसांज! दुर्बिणीतून बघून सांगायचं, पट्टे उभे की आडवे. जिथे चुकलं, तिथे दुर्बीण संपली."

दिवाणजींनी ऐटीत सोनेरी दुर्बीण डोळ्याला लावली. "उभे. आडवे. उभे. मग... उभे. उभे. उभे! आणि सातव्याचे तर लख्ख आडवे! धागे मोजून देऊ?"

"द्या ना!" सगुणा म्हणाली. "चौथा, पाचवा, सहावा, तिन्ही आडवे आहेत. सातव्यावर पट्टेच नाहीत. कोरं राखाडी कापड आहे ते!"

दिवाणजींना एकाएकी खोकला आला.

राजाने स्वतः दुर्बीण उचलली. सोनेरीतून तीन तुकड्यांचे पट्टे दिसले, चौथा सातव्यासारखाच कोरा राखाडी. पितळेच्या दुर्बिणीतून पाचांचे दिसले, सहावा तेवढा राखाडी.

"म्हणजे काय गं?"

"सोन्याची दुर्बीण तीन तुकड्यांची, पितळेची पाच तुकड्यांची. धूसरपणा भरला दोन तुकडे, महाराज! घ्या मोजून!"

राजाने दिवाणजींकडे तिरका डोळा केला. "आणि यांची खुशामत किती तुकड्यांची?"

"तेवढं कापड विणायला माझा जन्म पुरायचा नाही, महाराज!"

राजा पोट धरधरून हसला. गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून त्याने सगुणेला दिला. हैबती त्याच घटकेला सुटला. त्याला महिनाभर पगारी रजा मिळाली, आणि तेवढे दिवस बुरुजावर पहाऱ्याला बसले दिवाण त्र्यंबकपंत, सोन्याची दुर्बीण घेऊन!