शेंदराखालची विलायत

राजेसाहेबांची मोटारसायकल विलायतेची नाही, असं दौलत मेस्त्री भर पाहुण्यांत बोलून बसला आणि नोकरीवर पाणी सोडायची पाळी आली.

कुरणगडचं संस्थान कधीच विलीन झालं होतं, पण राजेसाहेबांचा हट्ट काही विलीन व्हायला तयार नव्हता. आपल्या आजोबांनी, म्हणजे आबासाहेब महाराजांनी, नव्वद वर्षांपूर्वी ही गाडी बोटीनं आणवली, असं ते आल्यागेल्याला सांगत. त्यांनी दौलतला फर्मावलं, उद्या दुपारपर्यंत गाडीचं खरं वय आणि जन्मगाव सिद्ध कर. नट खोलायचा नाही, कुठं खरवडायचं नाही. जमलं नाही तर गॅरेजच्या किल्ल्या ठेव आणि खोली रिकामी कर!

कागदपत्रं वाळवीनं खाल्लेली, इंजिनावरचा नंबर पुसून पुसून गुळगुळीत झालेला. दौलत डोक्याला हात लावून घरी आला. त्याची बायको तानूबाई मारुतीच्या देवळातल्या गुरवाची लेक. भाकरी थापता थापता तिनं एवढंच विचारलं, की दसऱ्याला गाडीला शेंदूर कुठं लावतात? हँडलखाली, पुढच्या नळीवर, असं दौलतनं सांगितलं. जागा आबासाहेबांनीच ठरवून दिलेली. दरसाल एक थर चढवायचा, पुसायचा मात्र नाही, अशी सक्त ताकीद.

"मग जेवा निवांत," तानूबाई म्हणाली.

दुसऱ्या दिवशी ती कोमट तेलाची वाटी घेऊन वाड्यावर हजर. गाडीवरचा शेंदराचा गोळा नारळाच्या वाटीएवढा झाला होता. डोईवरचा पदर सारखा करून तिनं त्याला हात जोडले.

"सरकार, शेंदूर जड झाला की कवच उतरवावं लागतं. आमच्या देवळात बारा वर्षांनी उतरवतात. इथं कधी उतरवलंय?"

राजेसाहेब चपापले. कधीच नाही, असं त्यांना कबूल करावं लागलं. पण खरवडायचं नाही, हे त्यांनी पुन्हा बजावलं.

खरवडणार कोण होतं! तिनं कडेकडेनं तेल सोडलं, वरून गरम फडकं बांधलं आणि शांत बसून राहिली. घटकाभरानं अख्खं कवच अलगद तिच्या हातात आलं. त्याच्या कडेला एक रेघ शेंदराची, एक वर्षभराच्या धुळीची, अशा रेघांवर रेघा होत्या. तिनं त्या राजेसाहेबांनाच चष्मा लावून मोजायला लावल्या. त्रेसष्ट भरल्या. त्यांनी पुन्हा मोजल्या, तरी त्रेसष्टच.

"मग नव्वदांतले सत्तावीस दसरे कुणी खाल्ले, सरकार?"

पूजा उशिरा सुरू झाली असेल, असं राजेसाहेब पुटपुटले. तानूबाईनं नुसतं बोट दाखवलं. कवचाखाली पितळेची पाटी होती. गाडीचं बाकी सगळं पितळ घासून सपाट झालेलं, ही मात्र दुकानातून आणल्यासारखी कोरी, म्हणजे गाडी आली त्याच वर्षी शेंदराखाली गेलेली. तिच्यावरची ठसठशीत अक्षरं राजेसाहेबांनी स्वतःच वाचली: 'मेड इन इंडिया'.

त्यांचा चेहरा उतरला.

"म्हणजे आमचे आबासाहेब खोटं बोलले?"

"छे, सरकार," तानूबाई शांतपणे म्हणाली. "खोटं बोलावं लागू नये, म्हणूनच तर त्यांनी पाटीवर देव बसवला."

राजेसाहेब असे हसले की फेटा कानावर आला. किल्ल्या दौलतकडेच राहिल्या. तानूबाईला लुगडं-चोळी मिळाली आणि दसऱ्याला गाडीच्या पूजेचा मान कायमचा.

"फक्त यंदापासून," डोळे पुसत राजेसाहेब म्हणाले, "शेंदूर पाटीच्या शेजारी लावा."