सातशे बरण्यांत नसलेलं औषध

"उद्या दुपारपर्यंत माझ्या औषधशाळेत नाही असं एक तरी औषध आणून दाखवा, नाहीतर दुकानाला कुलूप!" राजा प्रचंडरावाची दवंडी बोळात येऊन थडकली आणि आवडाच्या सासऱ्यांच्या हातातला बत्ता खलातच थांबला.

राजाच्या पोटदुखीचं कारण साधं होतं. त्यानं चौकात सातशे बरण्यांची औषधशाळा थाटली. पण लोक बरण्या बघायला तिथं जात आणि औषधाला बोळातल्या या दीड खणाच्या दुकानात येत! इथं आवडा आधी गिऱ्हाइकाच्या घरातल्या साऱ्या पुड्या मागवी, पाटावर मांडी आणि मगच नवी बांधून देई. म्हाताऱ्याकोताऱ्यांना औषध घरपोच, वर त्यांच्या सुनांची गाऱ्हाणी ऐकणं फुकट.

"सातशेत नाही ते आपल्या चाळीस डब्यांत कुठनं येणार, सूनबाई?" सासरे रडकुंडीला आले. तीन पिढ्यांचं दुकान!

दुसऱ्या दिवशी ती दरबारात गेली ती रिकाम्या हातांनी.

"औषध कुठाय?" राजा पोट चोळत गुरकावला.

"देते की, महाराज! आधी आपण सध्या काय काय घेता ते सांगावं. दुकानाची रीतच आहे आमच्या."

राजा फुशारून म्हणाला, "रात्री एरंडेल. त्यानं सकाळी पोट वाहतं, म्हणून डाळिंबाची साल. तिनं पोट घट्ट होतं, म्हणून पुन्हा एरंडेल! आहे तुमच्याकडे एवढी सोय?"

"नाही, महाराज. आमचं औषध एकच. दोन्ही बंद करा!"

"हे कसलं औषध?"

"आमच्याकडं सगळ्यांत जास्त हेच खपतं. रोज दहा जणांना 'तुम्हाला काही नको, घरी जा' म्हणून परत धाडतो."

"हात्तिच्या! एवढं तर आमचे राजवैद्यही सांगतील!"

"मग आत्ताच सांगू देत. त्यांनी सांगितलं, तर कुलूप मी माझ्या हातानं लावीन."

राजवैद्य उठले. त्यांनी कपाळाचा घाम पुसला. "महाराज, एरंडेल आपल्याला... नको... म्हणजे नको असेल तर नको, हवं असेल तर दोन पळ्या जास्त!"

राजा पोट धरधरून हसला. त्यानं आपल्या गळ्यातला कंठा काढून आवडाच्या ओंजळीत टाकला आणि फर्मावलं, "हिचं दुकान पिढ्यान्‌पिढ्या चालू राहील! आणि राजवैद्य, उद्यापासून तुम्ही सहा महिने तिथं हिच्या हाताखाली उमेदवारीला!"