निळकंठाने कर्नेल बदलला

एका गावात एक भोळा ग्रंथपाल होता. गाव आमचंच, म्हणून गावाचं नाव सांगत नाही. ग्रंथपालाचं सांगतो: निळकंठ.

वाचनालयात लिनक्सवर चालणारा एक संगणक होता. चार हजार पुस्तकांची यादी त्यातच. पंधरा दिवसांनी तपासनीस येणार होते. सगळं नीट दिसलं नाही तर आमच्या वाचनालयाचा ‘अ’ दर्जा जाणार होता. संगणक मात्र रोज सांगत होता, कर्नेल बदला, प्रोफाइल बदला. कर्नेल म्हणजे त्याचा गाभा आणि प्रोफाइल म्हणजे त्याने कसं चालायचं याची घडी.

निळकंठाने आधी जुना कर्नेल काढून टाकला. नव्याला जागा नको? मग संगणक बंद करून चालू केला. तो चालू होईचना.

तालुक्याला संगणक शिकवणारी त्याची मावसबहीण वैदेही धावत आली. तिने संगणक जिवंत केला आणि बजावलं, “दादा, जुनं आधी काढायचं नाही. नवं बसवायचं, ते चालतंय का बघायचं, मगच जुनं काढायचं.”

“एवढंच ना!” निळकंठ म्हणाला.

दोन दिवसांनी दाराच्या कुलपाची किल्ली हरवली. निळकंठाने नवं कुलूप आणलं आणि जुन्याशेजारी लावलं. नवं झकास उघडत होतं. दार उघडत नव्हतं. आम्ही वाचक पायरीवर बसून नव्या कुलपाचं कौतुक करत होतो.

वैदेहीने फोनवरच कपाळावर हात मारला. “अरे, ते संगणकाचं होतं! आणि ऐक, बदल केलास की एकदा बंद करून पहिल्यापासून सुरू करायचं. त्याशिवाय बदल लागू होत नाही.”

“एवढंच ना!”

रविवारी वाचनालयाच्या अध्यक्षांचं भाषण होतं. पाऊण तास झाल्यावर त्यांनी चष्मा बदलला. निळकंठ उठला. “साहेब, थांबा. बदल झालाय. आता पहिल्यापासून.” अध्यक्षांना तेच हवं होतं. आम्ही दोन्ही वेळा टाळ्या वाजवल्या.

“माणसांना नाही रे लावायचं हे!” वैदेही रडकुंडीला आली. “आता तपासणीआधी कर्नेल बदलशील, तेव्हा एक कर. जे गेलं तर परत मिळणार नाही, ते आधी तिथून हलवून लांब, सुरक्षित जागी ठेव.”

“एवढंच ना!”

आणि खरंच, या वेळी निळकंठाने नवा कर्नेल बसवला, जुना राहू दिला, प्रोफाइल बदललं, संगणक बंद करून चालू केला. यादी पटकन उघडली. आमचा ऊर भरून आला.

तपासनीस आले. यादी पाहून खूश झाले. “वा! आता पुस्तकं दाखवा.”

आम्ही सगळ्यांनी कपाटांकडे पाहिलं. कपाटं रिकामी होती.

तेवढ्यात निळकंठाचा फोन वाजला. पलीकडे वैदेही होती. “दादा, माझ्या दारात पुस्तकांनी भरलेला टेम्पो कुणी उभा केलाय?”

तपासनीसांनी निळकंठाकडे पाहिलं. “एवढी चार हजार पुस्तकं एकट्याने चढवलीत?”

“छे हो,” निळकंठ अभिमानाने म्हणाला, “अख्खं गाव रांगेत उभं होतं.”