झील धरणारी सारजा

एका राज्यात माणसाचे नाव नंतर विचारीत, आधी त्याचे आवडते गाणे विचारीत. सोयरीक त्यावर जुळे, चाकरी त्यावर मिळे, राहायची आळीही त्यावरच ठरे. सोळावे वर्ष लागले की मुलगा असो वा मुलगी, दरबारात उभे राहायचे आणि आपली आवड सांगायची. सिंहासनाच्या दांडीवर श्रवणा नावाची मैना बसे. ती मान वाकडी करून ऐके आणि माणसाच्या भाषेत निकाल देई. चौघडा आवडतो तो शूर, त्याने भाला घ्यावा. बासरी आवडते तो दयाळू, त्याने वैद्यकी शिकावी. वीणा आवडते तो शहाणा, त्याने कारभार पाहावा. आणि डफ आवडतो तो भांडखोर, त्याने उतारावरच्या डफ आळीत जाऊन राहावे. एका आळीचा माणूस दुसऱ्या आळीच्या वाद्याला हात लावीत नसे. लावला तर हात धुवावा लागे.

त्या राज्यावर एक शाप होता. बारा वर्षांपूर्वी शंखपाद नावाचा जादूगार दरबारात आला आणि त्याने एक लांबलचक गाणे आरंभले. भर दरबारात तो एकटाच गात होता. मध्येच त्याचा श्वास तुटला आणि गाणे पडले. राजा रत्नशेखर हसला. राजा हसला म्हणून दरबार हसला.

जादूगार म्हणाला, "आजपासून इथं ज्याचं गाणं मध्ये तुटेल, तो पायापासून दगड होईल. चाळिसाव्या दिवशी दगड गळ्याच्या वर चढेल. साथ येईल, तेव्हा हे सगळं संपेल."

इतके बोलून तो भिंतीतून निघून गेला.

दरबार थरथरला. साथ येणार, म्हणजे पटकी येणार. सगळे संपणार, म्हणजे राज्य संपणार. राजाने त्याच दिवशी वेशीवर कडुनिंब बांधला. वैद्य गल्लोगल्ली धुरी देत फिरू लागले. हुकूम निघाला की गाताना कोणी कोणाजवळ उभे राहू नये, साथ पसरेल. तेव्हापासून लोक दोन-दोन ओळींची गाणी गाऊ लागले, एका श्वासात मावतील एवढीच. जे विसरले ते दगड झाले. राजाचा धाकटा भाऊ दरबाराच्या कोपऱ्यात दगड होऊन उभा होता, आणि येणारेजाणारे त्याच्या खांद्यावर आपल्या शाली टाकीत.

डफ आळीत येसोबा नावाचा शाहीर राही. त्याची मुलगी सारजा. सारजेला सोळावे लागले आणि ती दरबारात उभी राहिली.

"बाई, आवड सांग," श्रवणा म्हणाली.

"झील," सारजा म्हणाली.

तरुण मंडळी एकमेकांकडे पाहू लागली. म्हाताऱ्यांना शब्द आठवत होता. गाणाऱ्याची ओळ संपते, त्याला श्वास घ्यायचा असतो, तेवढ्यात मागे उभा असलेला माणूस ओळीचा शेवटचा सूर उचलतो आणि लांबवतो. ती झील. माणसाची झील सारजेने कधी ऐकली नव्हती. पण येसोबा घरामागे बसून गुणगुणला की आटलेल्या विहिरीतून त्याचा शेवटचा सूर घुमून परत येई. गाण्यापेक्षा तिला तो परत येणारा सूर आवडे.

प्रधान म्हणाला, "म्हणजे हिला गाणं नाही, गाण्याचं शेपूट आवडतं."

दरबार हसला.

श्रवणेने निकाल दिला. "हिला स्वतःचं काही नाही. ही दुसऱ्याच्या होला हो करणारी. हिच्यासाठी कोणतीच आळी नाही. ही वेशीबाहेर राहील."

"आळी नसली तर नसू दे," सारजा म्हणाली. "पण निकाल चुकला."

"पोरी, मैना बारा वर्षांत एकदाही चुकलेली नाही," प्रधान म्हणाला.

"मग आजची तारीख लक्षात ठेवा."

बातमी सारजेच्या आधी डफ आळीत पोचली. येसोबाने डफ शेकला, उंबऱ्यावर उभा राहिला आणि वर राजवाड्याकडे तोंड करून लेकीचे कौतुक गाऊ लागला. एक ओळ झाली, दोन झाल्या, दहा झाल्या. अकराव्या ओळीला त्याचा श्वास तुटला. सारजा घरी आली तेव्हा त्याची पावले दगडाची झाली होती.

"बाबा, दोन ओळींत थांबायचं होतं."

"तुझं कौतुक दोन ओळींत? मी काय प्रधान आहे?" येसोबा म्हणाला. मग खाली पाहून म्हणाला, "एक बरं झालं. वहाणा झिजायच्या नाहीत आता."

सारजा हसली नाही. तिने भाकरी फडक्यात बांधली, शेजारणीला बाबांना जेवू घालायला सांगितले आणि निघाली. शंखपाद सात शिखरांच्या डोंगरावर राहतो एवढे सर्वांना ठाऊक होते. त्याला विचारायला मात्र आजवर कोणी गेले नव्हते.

पाचव्या दिवशी नदी लागली. नदी गात होती. वळणापर्यंत गाणे येई, वळणावरच्या खडकाला आपटे आणि तुटे.

नदी म्हणाली, "पलीकडे जायचं असेल तर माझं गाणं पुरं करून दे. हजार वर्षं ते या वळणावर तुटतंय."

सारजा वळणावर जाऊन उभी राहिली. नदीचा सूर खडकापाशी आला तसा तिने तो उचलला आणि नदी वळून पुढे जाईतो धरून ठेवला. पाणी घोट्याएवढे झाले. सारजा चालत पार गेली.

"आवाज काही बरा नाही तुझा," नदी मागून म्हणाली.

"ठाऊक आहे."

"पण वेळेवर आलीस."

बाराव्या दिवशी डोंगराचे दार लागले. दारावर एक पोपट बसला होता आणि फटीतून आत सोन्याच्या वीणा रांगेने उभ्या दिसत होत्या.

"दार उघडायचं तर तुझी आवड सांग," पोपट म्हणाला. "आणि माझं ऐकशील तर वीणा सांग. वीणाही मिळेल आणि शहाणी म्हणून नावही होईल. झील वगैरे सांगू नकोस. लोक काय म्हणतील?"

"तुला कसं कळलं झील?"

"चेहऱ्यावर लिहिलंय. अगं, एवढंसं खोटं बोललं तर काय बिघडतं? सोन्याच्या लोभाने आलेले शंभर जण माझ्या देखत बोलले."

"कुठं आहेत ते?"

"आत. त्या सोन्याच्या वीणा दिसतात ना, तेच ते."

सारजेने वीणांकडे पाहिले. कोणाच्याही तारा हलत नव्हत्या.

"मला झील आवडते," ती म्हणाली. "काल आवडत होती, उद्या आवडेल. आणि मला त्याची लाज वाटत नाही."

दार उघडले.

पोपट पंख झटकून म्हणाला, "खरं बोललं की हे उघडतं, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं."

डोंगराच्या माथ्यावर शंखपाद बसला होता. तो कमरेपर्यंत दगड होता. दरबारात आधी त्याचेच गाणे तुटले होते, म्हणून शाप आधी त्यालाच लागला होता. जादूगार असल्यामुळे त्याने दगड कमरेशी थोपवून धरला होता, एवढेच.

"गा," तो म्हणाला. "इथं येणाऱ्याने गायचं असतं."

"मी नाही गाणार. तुम्ही गा. त्या दिवशी तुटलं तेच."

"पुन्हा तुटेल."

"तुटू देणार नाही."

 शंखपादाने गाणे धरले. त्या ठिकाणी आला, श्वास संपला. सारजेने सूर उचलला. त्याने छाती भरून श्वास घेतला आणि परत आला. तशी ती बाजूला झाली. पुन्हा श्वास संपला, पुन्हा ती हजर. ऊन माथ्यावरून उतरेपर्यंत गाणे चालले आणि पुरे झाले. शंखपादाच्या अंगावरचा दगड मक्याच्या सालीसारखा गळून पडला.

तो पाय चोळीत म्हणाला, "बारा वर्षांपूर्वी मी सांगून आलो होतो, साथ येईल तेव्हा हे संपेल. तुमच्या राजाने काय केलं?"

"वेशीवर कडुनिंब बांधला."

"कडुनिंब?"

"आणि धुरी देतात. दर सोमवारी."

 शंखपादाने कपाळाला हात लावला. "अगं, मी गवयी. गवयाच्या तोंडी साथ म्हणजे काय असतं? एवढा मोठा दरबार, आणि एकाला कळलं नाही?"

"एकाने दुसऱ्याला साथ केल्याचं कोणी पाहिलंच नव्हतं. कळणार कसं? आता माझे बाबाही पावलांपासून दगड होताहेत."

जादूगाराने कपाळावरचा हात खाली घेतला. "माझ्यापुरती तुझी झील पुरली, पण राज्यावरचा शाप मलाही मागे घेता येत नाही. त्या दिवशी जे तोंड सगळ्यात आधी हसलं, त्याच तोंडाने झील धरली तर तो सुटेल. नाहीतर तुझा बाप दगड होईल."

सारजा परत फिरली. उतरताना डोंगर उलटा वाढला, म्हणून यायला सत्तावीस दिवस लागले. चाळिसाव्या दिवशी सकाळी ती थेट दरबारात शिरली.

"महाराज, माझ्याबरोबर डफ आळीत चला."

"महाराज उतारावर जात नसतात," प्रधान म्हणाला. "काम असेल त्याला वर घेऊन ये."

"तो दगड आहे. तुम्ही उचलून आणता का?"

मग तिने साथ या शब्दाचा अर्थ सांगितला आणि शंखपादाची अटही सांगितली. दरबारात कोणी कोणाकडे पाहिले नाही. राजवैद्याने कानामागे खोचलेली कडुनिंबाची काडी हळूच काढून खिशात टाकली.

राजा म्हणाला, "सर्वांत आधी मी हसलो होतो, हे खरं. पण मी डफवाल्याच्या मागे उभा राहून झील धरू? लोक म्हणतील, राजाला स्वतःचा आवाज नाही."

सारजेचा धीर संपला होता. ती म्हणाली, "बारा वर्षं या राज्यात तुमचाच एक आवाज आहे, महाराज. त्याने काय झालं, ते कोपऱ्यात उभं आहे. वरच्या शाली काढा, म्हणजे दिसेल."

प्रधानाने शिपायांना खूण केली. राजाने हात वर करून शिपायांना थांबवले. तो सिंहासनावरून उतरला, कोपऱ्यात गेला आणि भावाच्या खांद्यावरच्या शाली एकेक करून त्याने स्वतःच्या हाताने काढल्या. भावाचे तोंड तुटलेली ओळ पुरी करायला उघडले होते, ते तसेच राहिले होते.

"वाट दाखव," राजा म्हणाला.

राजा उतार उतरून डफ आळीत आला. मागून चारही आळ्या आल्या. येसोबा गळ्यापर्यंत दगड झाला होता. डफ त्याच्या दगडी हातात अडकला होता.

"बाबा, तुटलं तिथून पुढे गा."

"राजा आलाय?"

"आलाय."

"मग त्याला म्हणावं, मागे उभा राहा. पुढे माझी जागा आहे."

राजा मागे जाऊन उभा राहिला. त्याने हळू आवाजात सारजेला विचारले, "काय करायचं असतं?"

"मोठा आवाज काढायचा नाही. बाबांचा श्वास कुठं संपतो ते ऐकायचं. तिथं हजर राहायचं. ते परत आले की बाजूला व्हायचं."

"हे तर अवघड आहे."

"म्हणूनच मला आवडतं."

येसोबाने तुटलेल्या अकराव्या ओळीला हात घातला. हात म्हणजे आवाज, हात तर दगड होता. ओळ संपली. राजा एका पापणीएवढा उशिरा आला आणि दगड हनुवटीला भिडला. तेवढ्यात सारजेने सूर धरला म्हणून गाणे उभे राहिले. पुढच्या ओळीला राजा लवकर आला आणि येसोबाच्या शब्दावर आदळला. येसोबाने गातागाता डोळे वटारले. त्यापुढच्या ओळीला राजाने डोळे मिटले. त्याने स्वतःला विसरून फक्त ऐकले. ओळ संपली तिथे तो होता.

दगड तडकला. आधी गळा सुटला, मग छाती, मग डफाचा हात. डफावर थाप पडली तशी चौघडा आळीतल्या एका शिपायाच्या टिपऱ्या आपोआप चालू लागल्या. बासरीवाल्या वैद्यांनी सूर भरला. वीणा आळी शेवटपर्यंत ओठ चावीत उभी होती. मग एका म्हाताऱ्या कारभाऱ्याने वीणा मांडीवर घेतली आणि म्हणाला, "आता हात धुवायचे तर सगळ्यांनाच धुवावे लागतील." त्याने तार छेडली. लेकीच्या कौतुकाचे ते गाणे अख्ख्या राज्याने साथ करून पुरे केले. राज्यभरचे दगड हलले, जांभया देत माणसे झाली. दूर डोंगरात शंभर वीणांनाही हातपाय फुटले आणि ते लोक खाली मान घालून घराकडे निघाले. राजाचा भाऊ धावत आळीत आला. "माझ्या पायाशी एवढ्या शाली कोणाच्या?" असे तो विचारीत होता.

राजाने तिथेच हुकूम दिला. कोणाची आवड ऐकून कोणाला आळी मिळणार नाही. ज्याला जिथे राहायचे तिथे तो राहील, हवे ते वाद्य हाती घेईल.

श्रवणा मैना राजाच्या खांद्यावर बसून आली होती. ती म्हणाली, "मग मी काय करू?"

"ऐक," सारजा म्हणाली. "ओळ संपेपर्यंत. निकाल द्यायची घाई नको."

राजा येसोबाला म्हणाला, "शाहीर, एवढं गाणं तुम्ही एकट्याने पेललंत. असा आवाज मी ऐकला नाही."

"गाणं माझं होतं, महाराज. पेललं हिनं," येसोबा म्हणाला. "मी इकडे उंबऱ्यावर उभा, आणि ही चाळीस दिवस माझी एक ओळ धरून चालत होती. तुमच्या मैनेला ही होला हो करणारी वाटली."

सगळी आळी सारजेकडे वळली. शिपाई वाकले, वैद्य वाकले, कारभारी वाकले, आणि शेवटी प्रधानही वाकला. अशा वेळी मुलीने मान खाली घालावी, अशी त्या राज्याची रीत होती. सारजेने मान खाली घातली नाही. कौतुक खरे होते, आणि ते तिने ताठ उभे राहून ऐकून घेतले.

त्यांचे गाणे जसे तडीस गेले, तसे ऐकणाऱ्यांचे जावो. आणि श्वास अपुरा पडेल तिथे मागे कोणीतरी उभे असो.