साळू आणि वरून सोडलेले पाणी

एका जंगलात उन्हाळा लागला की नदीचे नुसते वाळूचे पात्र उरे, आणि त्या पात्राच्या अगदी खालच्या टोकाला, आटलेल्या डोहाच्या काठी, एक साळू आपल्या दोन पिल्लांसह बिळात राहत असे. साळू म्हणजे अंगभर काटे असलेली, साळिंदर म्हणतात तीच. नदीच्या वरच्या अंगाला मोठे तळे होते. जंगलाच्या राजाने नियम घालून दिला होता, की उन्हाळ्यात तळ्याचे पाणी आधी पिण्यासाठी खाली सोडावे. खालच्या टोकापर्यंत सगळ्यांचे पिऊन झाले, की मग उरलेल्यात ज्याला लोळायचे त्याने लोळावे. नियम चांगला होता, मुलांनो. मला त्यात आजही एक शब्द बदलावासा वाटत नाही. तळ्याच्या तोंडाशी दगडांचा बांध होता, आणि दगड सरकवून पाणी सोडण्याचे काम कोल्ह्याकडे होते.

त्या वर्षी चैत्र सरला तरी डोहात थेंब आला नाही. थोरले पिल्लू "आई, पाणी" म्हणून रडत असे. धाकट्याने मागणेच सोडले. मूल रडते तोवर आईला तेवढी भीती नसते. खरी भीती ते गप्प झाल्यावर. साळू उजाडताच वाळूतून वर चालू लागली.

अर्ध्या वाटेवर तिला पाणी सापडले. रानडुकरांनी पात्रात आडवे तीन मोठे खड्डे खणून ठेवले होते. वरून आलेली धार त्या खड्ड्यांत थांबत होती, आणि चिखलात एक रानडुक्कर चारी पाय वर करून पडले होते. खड्ड्यांच्या खाली मात्र वाळू ठणठणीत कोरडी. साळूचे पंजे खणायला तयार, काठ दोन हातांवर. पण तिने मनाशी म्हटले, "असे परस्पर फोडणे बरे नव्हे. नियम आहे, तर तो सांभाळणाऱ्याकडे जावे." चांगल्या वळणाची मंडळी नेमकी इथेच चुकतात. मीही इथेच चुकले असते, म्हणून तिला फार बोल लावत नाही.

कोल्हा बांधावर खेकडे खात बसला होता. "कोल्हेदादा, पाणी आले नाही हो खाली," साळू म्हणाली. "पिल्ले तहानेने मरायला टेकली आहेत."

"आले नाही कसे? मी रोज सोडतो. हा बघ दगड, अजून ओला आहे."

"दगड ओला आहे, पिल्लांच्या जिभा कोरड्या आहेत."

"मग वाळू पीत असेल, साळूताई. उन्हाळ्यात वाळू फार पाणी पिते. त्याला मी काय करणार?"

"वाळूला पोट असते, तर ती एव्हाना तुमच्यासारखी फुगली असती!" साळूचे काटे थरथरले. "पाणी रानडुकरांनी अडवले आहे. मी डोळ्यांनी पाहून आले."

"असे का? मग पाहणी करावी लागेल," कोल्हा म्हणाला. "जरा ऊन कलू दे. भर उन्हात पाहणी करायची पद्धत नाही." आणि उरलेले खेकडे संपवून तो सावलीत झोपला. साळू बसून राहिली. उठून जावे, तर हा मागाहून म्हणणार, तक्रार करणारीच हजर नव्हती.

ऊन कलल्यावर दोघे खड्ड्यांपाशी आली. "काय हो, तुम्ही प्यायच्या पाण्यात लोळता?" कोल्ह्याने विचारले.

"छे, छे! मी पितोच आहे," रानडुक्कर डोळे न उघडता म्हणाले. "अंगाने पितो. आमच्यात तशी रीत आहे. आणि कोल्होबा, खेकडे पोचले ना सकाळचे?"

कोल्हा खाकरला. मग साळूकडे वळून म्हणाला, "ऐकलेस ना? तोंडानेच प्यावे असे नियमात कुठे म्हटले आहे?"

साळूने खड्ड्याच्या काठात पंजे घातले आणि माती उडवायला सुरुवात केली. एक काठ फुटला, दुसरा फुटला, तिसराही फुटला. गढूळ पाणी उसळून खालच्या वाळूत धावले.

"अरे, नियम मोडला! हिने नियम मोडला!" रानडुक्कर ओरडू लागले.

"मोडला नाही, खाली पोचवला," साळू म्हणाली आणि पाण्याबरोबर धावत सुटली.

सूर्य टेकला तेव्हा पाणी डोहात शिरले. थोरले पिल्लू धडपडत आले आणि घटाघटा प्यायले. धाकट्याला साळूने तोंडात धरून पाण्याशी आणले, त्याची जीभ ओली केली, पुन्हा पुन्हा केली. ते उठले नाही. दुपारपर्यंत त्याचा श्वास चालू होता, असे थोरले म्हणाले.

इतक्यात मागोमाग कोल्हाही आला. ओल्या वाळूकडे बघत तो म्हणाला, "बघ, पोचले ना पाणी? उगीच आकांत केलास. आता राजाला सांगतो, खालच्या टोकाची तक्रार मिटली."

साळूने त्याच्याकडे पाठ केली, सगळे काटे उभे केले आणि जोराने मागे सरली. कोल्हा नाकात चार काटे घेऊन केकाटत वर पळाला. पण त्याने धाकटे काही परत आले नाही.

दुसऱ्या दिवशी उजाडताच खालच्या टोकाची सगळी जनावरे, ससे, घोरपडी, मुंगसे, खड्ड्यांपाशी जाऊन उभी राहिली आणि पाणी डोहापर्यंत जाईतो हलली नाहीत. कोल्ह्याला विचारायला कोणीही गेले नाही.

तात्पर्य : पाणी वरून सोडले म्हणजे नियम पाळला असे होत नाही, शेवटच्या टोकाची तहान वेळेत भागली, तरच तो पाळला म्हणावे. आणि अडवणाऱ्याचे खेकडे जो खातो, त्याच्या दारी न्यायासाठी ताटकळत बसू नये.