खंडेनवमीचा नारळ

खंडेनवमीला हत्यारांची पूजा झाली की दिवसभर त्यांना हात लावत नाहीत, हे तुम्हाला ठाऊक आहे ना? मग नेमकी त्याच दिवशी गाडी अडून बसली तर काय करायचं?

शशिकलाला दुसऱ्या दिवशी सकाळी असलेल्या भाचीच्या बारशासाठी माहेरी जायचं होतं. आत्याच पोहोचली नाही तर नाव कोण ठेवणार? दिवसातली एकुलती एसटी निघून गेली होती, आणि सासऱ्यांची जुनी गाडी चावी फिरवली की नुसतं ‘टक्’ करत होती. दिवे मात्र लख्ख लागत होते.

“म्हणजे बॅटरी चांगली आहे, मामंजी. स्टार्टरला वीज जोडून देणारा सोलेनॉइड अडकलाय. पान्याने जरा ठोकलं की सुटेल.”

अण्णासाहेबांनी मिशीवर हात फिरवला. “आज पान्याला हात लावायचा नाही, सूनबाई! हत्याराशिवाय चालू करून दाखव, मग खुशाल घेऊन जा गाडी.”

शशिकलाने पूजेतला नारळ उचलला, बॉनेट उघडलं आणि सोलेनॉइडवर ठक्‌ ठक्‌ आपटला. चावी फिरवताच इंजिन धडधडू लागलं.

“अगं, पूजेचा नारळ तो!”

“हो ना, मामंजी. गाडीलाच वाहायचा होता. तिचं जिथे दुखत होतं, तिथे वाहिला.”

अण्णासाहेबांनी फाटक उघडलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शशिकलाने भाचीच्या कानात तिचं नाव सांगितलं.